अमेरिकेतल्या कॉलेजांमधलं मुलांचं जिम्नॅस्टिक्स का आटत चाललंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी घरांमधली काही मुलं लहानपणापासून जिम्नॅस्टिक्सच्या क्लबात जातात. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला, रिंग्जवर त्याचे हात स्थिर राहायला लागले, की आईवडिलांच्या मनात प्रश्न सुरू होतात: पुढे काय, कॉलेजात हा खेळ आहे का, आणि असेल तर तो चार वर्षांनी टिकेल का? स्पर्धांच्या वेळी बाकावर शेजारी बसलेल्या पालकांनी हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले आहेत. उत्तरं सविस्तर द्यावीत म्हणून हे पान लिहिलं. हा खेळ मला मनापासून प्रिय आहे आणि तो बुडू नये असं मला वाटतं, हे आधीच सांगून टाकते.

मुळात संघ किती होते आणि आता किती उरले?

१९६० चं दशक संपताना अमेरिकेतल्या दोनशेहून अधिक कॉलेजांमध्ये मुलांचे जिम्नॅस्टिक्स संघ होते. १९८० च्या सुरुवातीला हा आकडा ऐंशीच्या आसपास आला. २०२५ च्या हंगामात एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेखाली उरले फक्त १५.

त्यातले १२ पहिल्या विभागातले: स्टॅनफर्ड, बर्कलीची युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, ओक्लाहोमा, नेब्रास्का, मिशिगन, इलिनॉय, ओहायो स्टेट, पेन स्टेट, विल्यम अँड मेरी, आणि आर्मी, नेव्ही, एअर फोर्स या तीन लष्करी अकादमी. उरलेले तीन तिसऱ्या विभागातले, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या कॉलेजांचे: मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड, आयोवामधलं सिम्प्सन आणि इलिनॉयमधलं ग्रीनव्हिल.

नकाशा समोर ठेवून ही यादी वाचा. अख्ख्या टेक्ससमध्ये एकही संघ नाही, आणि मुलांचे उत्तम क्लब मात्र तिथे भरपूर आहेत. न्यू जर्सीत नाही, फ्लोरिडात नाही. पश्चिम किनाऱ्यावर दोनच आहेत आणि ते दोन्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास. टेक्ससमधल्या ह्यूस्टनमध्ये किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वाढणाऱ्या मुलानं आपल्या राज्याच्या युनिव्हर्सिटीचा संघ खेळताना कधी पाहिलेलाच नसतो.

हा खेळ मुलींच्या जिम्नॅस्टिक्सपेक्षा किती वेगळा?

साधनंच वेगळी. मुलांना सहा: फ्लोअर, पॉमेल हॉर्स (वर दोन मुठी असलेला घोड्यासारखा ठोकळा), रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार आणि हाय बार. मुलींना चार. फ्लोअर आणि व्हॉल्ट एवढेच दोघांना सामाईक. मुलांच्या फ्लोअरला संगीत नसतं.

टायटल नाइनमुळेच हे झालं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि बहुतेकदा उत्तर ठरवूनच विचारलेला असतो. म्हणून जरा सावकाश सांगते.

टायटल नाइन हा १९७२ चा कायदा. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेदभाव चालणार नाही, एवढंच तो सांगतो. खेळांच्या बाबतीत तो पाळला जातोय की नाही हे कसं ठरवायचं, याचे तीन मार्ग १९७९ मध्ये सरकारनं घालून दिले. एक, विद्यार्थ्यांमध्ये मुलींचं जेवढं प्रमाण, साधारण तेवढंच खेळाडूंमध्ये असावं. दोन, मुलींसाठी खेळ वाढवत नेण्याचा संस्थेचा सातत्याचा इतिहास असावा. तीन, मुलींची खेळायची जेवढी इच्छा आणि कुवत आहे तेवढी पूर्णपणे भागलेली असावी. तिन्हीपैकी कुठलाही एक मार्ग चालतो. पण कॉलेजांच्या वकिलांना पहिला आवडतो, कारण तो आकड्यांत दाखवता येतो.

आता गणित बघा. बहुतेक युनिव्हर्सिटींत आज मुली निम्म्याहून जास्त आहेत. मुलांच्या बाजूला एकट्या फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल) संघात शंभराच्या वर खेळाडू असतात आणि त्याच्या तोडीचा मुलींचा कुठलाही खेळ नाही. म्हणजे मुलांच्या वाट्याच्या जागांमधला मोठा घास फुटबॉलनं आधीच घेतलेला. उरलेल्या जागांत कुस्ती, पोहणं, टेनिस, जिम्नॅस्टिक्स असे सगळे दाटीवाटीनं बसतात. प्रमाण जुळेना की कॉलेजापुढे दोन वाटा असतात: मुलींचा नवा संघ उभा करायचा, किंवा मुलांचा जुना बंद करायचा. दुसरी वाट स्वस्त पडते. कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही की मुलांचे संघ बंद करा. तो निर्णय संस्थेचा असतो, आणि जाहीर करताना बोट कायद्याकडे दाखवलं जातं.

दोन गोष्टी या संदर्भात लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, १९८४ मध्ये ग्रोव्ह सिटी कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याचा आवाका इतका आखडला, की १९८८ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, दुरुस्ती करेपर्यंत तो कॉलेजच्या खेळांना जवळजवळ लागूच होत नव्हता. कायदाच कारण असता, तर त्या चार वर्षांत मुलांच्या कुस्तीसारख्या खेळांचे संघ वाढायला हवे होते. ते कमीच होत गेले. दुसरी, मुलींच्या जिम्नॅस्टिक्सचे संघसुद्धा १९८० च्या सुरुवातीपासून आजवर जवळपास निम्म्यावर आलेत, तेव्हाच्या पावणेदोनशेवरून आताच्या ऐंशीच्या आसपास. कायदा ज्यांच्या बाजूनं त्यांचेही संघ बंद झाले असतील, तर सगळा दोष कायद्याच्या माथी मारता येत नाही.

कुस्तीच्या प्रशिक्षकांच्या संघटनेनं तीन मार्गांच्या या नियमाविरुद्ध सरकारवर दावा लावून पाहिला होता. तो टिकला नाही.

मग मुख्य कारण कोणतं?

माझ्या मते पैशाची दिशा. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल आला. त्यात कॉलेज फुटबॉलच्या टीव्ही प्रक्षेपणावरची एनसीएएची मक्तेदारी मोडली. त्यानंतर मोठ्या युनिव्हर्सिटी आणि त्यांच्या लीग आपापले करार करू लागल्या आणि फुटबॉलमध्ये पैसा ओतला जाऊ लागला. तो पैसा बाकीच्या खेळांकडे झिरपेल असं सांगितलं जात होतं. थोडाफार झिरपलाही. पण त्यातला बराचसा फुटबॉलमध्येच परत गेला: प्रशिक्षकांचे पगार, मैदानं, सरावाच्या इमारती. शेजारच्या युनिव्हर्सिटीनं नवीन सरावगृह बांधलं की आपणही बांधायचं, ही चढाओढ कुठे थांबत नाही.

त्या तुलनेत मुलांच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा खर्च किरकोळ असतो. वीसेक मुलं, दोन-तीन प्रशिक्षक, एक हॉल, प्रवास. पण तिकिटविक्रीतून काही येत नाही, टीव्हीचा पैसा नाही, आणि खर्चाच्या यादीत हा खेळ ठसठशीत दिसतो. तूट आली की क्रीडा संचालक याच यादीवर बोट ठेवतो.

दुसरं एक कारण जुनं आहे आणि त्याची चर्चा फार होत नाही. १९७० च्या दशकापासून शाळांमध्ये, विशेषतः ट्रॅम्पोलिनवरच्या अपघातांनंतर, नुकसानभरपाईचे दावे आणि विम्याचे हप्ते वाढत गेले आणि हायस्कुलांनी जिम्नॅस्टिक्स सोडून दिलं. खेळ शाळेतून निघाला आणि खासगी क्लबात गेला. शाळेत फुकट होतं ते क्लबात दरमहा फी भरून मिळू लागलं. वर्गातली दहा मुलं सहज करून बघायची, ती करेनाशी झाली. कॉलेजांचा पाया तिथेच खचला. इलिनॉयमध्ये अजून हायस्कूलच्या मुलांच्या राज्य स्पर्धा होतात, आणि तिथल्या युनिव्हर्सिटीचा संघ अजून उभा आहे. हा मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही.

ऑलिम्पिक पदकं आणणारा संघ तरी सुरक्षित असतो ना?

नसतो. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेच्या पुरुष संघानं सांघिक सुवर्ण जिंकलं. त्या संघातले पीटर व्हिडमार, मिच गेलॉर्ड आणि टिम डॅगेट हे तिघे यूसीएलएचे, म्हणजे लॉस एंजेलिसच्याच युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे. ऑलिम्पिकची ती स्पर्धा झाली तीही यूसीएलएच्याच पॉली पॅव्हिलियनमध्ये. म्हणजे स्वतःच्या कॉलेजच्या हॉलमध्ये त्यांनी ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. १९९४ मध्ये यूसीएलएनं मुलांचा संघ बंद केला.

२०२० मध्ये नेमकं काय झालं?

कोव्हिडमुळे फुटबॉलचा हंगाम धोक्यात आला आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकापाठोपाठ घोषणा झाल्या. आधी आयोवा, मग विल्यम अँड मेरी आणि मिनेसोटा. तिघांच्याही यादीत मुलांचं जिम्नॅस्टिक्स.

आयोवाचं मला सगळ्यात जास्त लागलं. आजचा ट्रॅम्पोलिन याच युनिव्हर्सिटीत जन्मला. जॉर्ज निसेन हा तिथला जिम्नॅस्ट. त्यानं लॅरी ग्रिसवोल्डबरोबर १९३० च्या दशकात लोखंडी चौकटीला कापड ताणून पहिला नमुना तयार केला, आणि पुढे आयुष्यभर जिम्नॅस्टिक्सची साधनं बनवली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या सर्वोत्तम जिम्नॅस्टला दरवर्षी दिला जाणारा सन्मान त्याच्याच नावानं, निसेन-एमरी पुरस्कार म्हणून ओळखला जातो. निसेन जिथे शिकला तिथे आज मुलांचा संघ नाही. आयोवानं त्याच घोषणेत मुलींचं पोहणंही बंद केलं होतं. मुली टायटल नाइनखाली कोर्टात गेल्या आणि त्यांचा संघ परत आला. मुलांना तो दरवाजा नव्हता.

मिनेसोटाचा संघ शंभराहून अधिक वर्षांचा. तिथे नियामक मंडळात निसटत्या बहुमतानं ठराव मंजूर झाला. २०२१ ची राष्ट्रीय स्पर्धा भरवायचा मान नेमका मिनेसोटाकडेच होता, आणि तो हंगाम संघाचा शेवटचा ठरला. यजमान मुलं आपल्याच हॉलमध्ये, आपल्या कॉलेजचं नाव छातीवर घेऊन शेवटचं खेळली. त्यांच्यातला शेन विस्कस काही महिन्यांनी टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून उतरला.

विल्यम अँड मेरीचा संघ कसा वाचला?

तिथे सात खेळ बंद करायची घोषणा झाली. घोषणेच्या पत्रातला मजकूर, स्टॅनफर्डनं त्याआधी आपले काही खेळ बंद करताना काढलेल्या पत्राशी फारच मिळताजुळता निघाला. माजी विद्यार्थी आधीच चिडले होते, त्यात ही भर. पालक आणि माजी खेळाडू एकत्र आले, निधीची वचनं गोळा केली, टायटल नाइनखाली दावा करायचा इशारा दिला. महिनाभरात क्रीडा संचालकांनी पद सोडलं. आधी मुलींचे तीन संघ परत आले आणि पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये मुलांचेही.

बर्कलीला असंच दहा वर्षं आधी घडलं होतं. २०१० मध्ये पाच खेळांवर कुऱ्हाड आली, त्यात मुलांचं जिम्नॅस्टिक्स. बाकीचे खेळ एकेक करून वाचले, हा शेवटी राहिला. २०११ च्या मे महिन्यात, खासगी देणग्यांची रक्कम पुरेशी जमल्यावर, तोही वाचला. आज बर्कलीचा संघ खेळतोय तो त्या देणगीदारांमुळे.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी होती. घोषणा झाल्यानंतर काही दिवसांतच माणसं उभी राहिली. माजी खेळाडूंची यादी, पत्ते, कोण किती देऊ शकेल याचा अंदाज हे आधीपासून कुणाकडे तरी होतं. जिथे हे शोधण्यातच महिने गेले तिथे संघ गेला.

मुलींच्या स्पर्धांना हॉल भरतात, मग मुलांच्या का नाही?

युटा किंवा लुइझियाना स्टेटच्या मुलींच्या स्पर्धेला दहा-बारा हजार माणसं सहज येतात. तिथे गुणपद्धत जुन्या दहापैकी आहे. आईवडील, आजीआजोबा, पहिल्यांदा आलेला शेजारी, सगळ्यांना ९.९ म्हणजे काय ते कळतं. चार साधनं, दोन तासांत स्पर्धा संपते, फ्लोअरला संगीत. २०१९ मध्ये यूसीएलएच्या केटलिन ओहाशीचा फ्लोअर रूटीनचा व्हिडिओ जगभर फिरला आणि त्याला दहापैकी दहा होते.

मुलांच्या कॉलेज स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांवर बेतलेल्या आहेत. कठीणपणाचे गुण वेगळे, अंमलबजावणीचे वेगळे, दोन्हींची बेरीज. १४.२ चांगले की वाईट, हे साधनावर अवलंबून. सहा साधनं, सहा फेऱ्या. ऑलिम्पिकच्या तयारीला हे उत्तम, प्रेक्षकाला मात्र अवघड. मुलांनीही दहाची पद्धत घ्यावी असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही, कारण त्यानं कठीण कसरती करायचं बळच जाईल. पण फलकावर दोन संघांची सरळ लढत दाखवणं, प्रत्येक फेरीनंतर कोण पुढे ते मोठ्यानं सांगणं, हे आज कुठलाही यजमान करू शकतो आणि काही करतातही.

संघ इतके कमी झाले तरी पॅरिस ऑलिम्पिकला पदक मिळालंच. मग काळजी कशाला?

काळजी त्या पदकामुळेच जास्त वाटते. २९ जुलै २०२४ च्या रात्री अमेरिकेच्या पुरुषांनी सांघिक कांस्य घेतलं, २००८ नंतरचं पहिलं सांघिक ऑलिम्पिक पदक. पाच जण होते. ब्रॉडी मलोन आणि अॅशर हाँग स्टॅनफर्डचे, पॉल जुडा आणि फ्रेड रिचर्ड मिशिगनचे, स्टीफन नेडोरोसिक पेन स्टेटचा. पाचही जण याच आटत चाललेल्या व्यवस्थेतून आलेले. टोकियोच्या संघातले चौघेही तसेच.

नेडोरोसिकची ती रात्र ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. तो एकाच साधनासाठी संघात होता, पॉमेल हॉर्ससाठी. अमेरिकेची त्या दिवशीची शेवटची फेरी पॉमेलचीच आणि त्यात शेवटचा नंबर त्याचा. म्हणजे पाच फेऱ्या तो चष्मा लावून, डोकं मागे टेकवून, डोळे मिटून बसून राहिला. मग उठला, चष्मा काढून ठेवला आणि हॉर्सवर गेला. या साधनावर पाय कुठेही टेकला, नितंब घासला, हात जरासा उशिरा उचलला तरी लय तुटते आणि माणूस खाली येतो. सगळं वजन आळीपाळीनं एका हातावर, पाय जुळलेले, कंबर उंच. साधारण पाऊण मिनिटाचा खेळ. १४.८६६ गुण, आणि कांस्य पक्कं झालं. पुढे पॉमेलचं वैयक्तिक कांस्यही त्यानं घेतलं.

पेन स्टेटमध्ये तो इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकला. फक्त एका साधनावर हुकूमत असलेल्या मुलाला चार-पाच वर्षं जागा, हॉल, प्रशिक्षक आणि दर आठवड्याला स्पर्धा देणारी जागा कॉलेजशिवाय अमेरिकेत दुसरी नाही. इथे क्रीडा मंत्रालय नाही. ऑलिम्पिक समितीला सरकारचं नियमित अनुदान नाही. चीन किंवा जपानसारख्या देशांत हे काम राज्याच्या संस्था किंवा कंपन्यांचे संघ करतात. अमेरिकेत ते काम युनिव्हर्सिटी करतात, आणि तेही आता बोटांवर मोजण्याइतक्या. स्टॅनफर्ड आणि मिशिगनमधल्या फक्त दोन क्रीडा संचालकांनी उद्या निर्णय बदलला, तर पॅरिसच्या संघातले चार जण घडले ती घरंच जातात.

कॉलेजऐवजी क्लबातच सराव चालू ठेवता येणार नाही का?

फार थोड्यांना. मुलांच्या जिम्नॅस्टिक्सला ताकद लागते आणि ती उशिरा येते. रिंग्जवरचा आयर्न क्रॉस किंवा माल्टीज (हात ताणून शरीर हवेत स्थिर धरायच्या कसरती) चौदाव्या वर्षी पक्का होत नाही. खांदे, छाती, मनगटं भरायला अठरा ते बावीसची वर्षं लागतात. मुलं खरी बहरतात ती नेमकी कॉलेजच्या वयात. त्याच वर्षी दार बंद झालं तर बारा वर्षांची मेहनत ऐन फळाच्या वेळी सुटते. शिवाय क्लबात त्या वयाची मुलंच उरलेली नसतात. आसपास सगळी दहा वर्षांची, आणि हा एकटा मोठा. सरावाला सोबत लागते.

२०२५ च्या कोर्टाच्या समझोत्याचा काय परिणाम होणार?

जून २०२५ मध्ये हाउस विरुद्ध एनसीएए या खटल्यातला समझोता मंजूर झाला. युनिव्हर्सिटींना आता खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी प्रत्येक संस्थेला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना त्यांच्या कष्टाचा वाटा मिळावा हे योग्यच. पण यातला मोठा भाग फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो, आणि तो कुठून तरी काढावा लागतो. शिष्यवृत्तींच्या संख्येची जुनी मर्यादा गेली आणि संघात किती मुलं ठेवायची याची मर्यादा आली. मोठे संघ ठेवणाऱ्या प्रशिक्षकांना काही मुलं कमी करावी लागतात. यादीत शेवटी असणारी, तिसऱ्या वर्षी फुलणारी मुलं आधी जातात. मला सगळ्यात जास्त भीती या मुलांबद्दल वाटते.

बंद झालेल्या संघांचं पुढे काय होतं?

त्यातले काही संघ मरत नाहीत. अॅरिझोना स्टेटनं १९८६ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं होतं. १९९३ मध्ये युनिव्हर्सिटीनं संघ सोडला. प्रशिक्षक आणि मुलांनी तो क्लब म्हणून चालू ठेवला, आणि तो आजही चालू आहे. टेंपल युनिव्हर्सिटीनं २०१४ मध्ये सोडलेला संघही तसाच, मिनेसोटाचाही. अशा संघांसाठी जिमॅक्ट नावाची वेगळी स्पर्धा-व्यवस्था उभी राहिली आहे. वॉशिंग्टनचा संघ तिथे खेळतो. युनिव्हर्सिटीकडून शिष्यवृत्ती नाही, खर्च वर्गणीतून आणि देणग्यांतून. पण कॉलेजचं नाव, संघ, स्पर्धा हे सगळं आहे, आणि दर्जा चांगला आहे. तुमच्या मुलाला जिथे शिकायचंय तिथे एनसीएएचा संघ नसेल, तर आधी असा संघ आहे का ते बघा.

नवा संघ सुरू होतो का कुठे?

होतो. सिम्प्सन आणि ग्रीनव्हिल ही दोन छोटी खासगी कॉलेजं अलीकडेच या खेळात आली. त्यांचं गणित मोठ्या युनिव्हर्सिटीच्या बरोबर उलटं आहे. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. त्यामुळे संघात आलेली वीस मुलं म्हणजे एरवी या गावात कधी आली नसती अशी वीस फी भरणारी मुलं. छोट्या कॉलेजांना विद्यार्थी हवे आहेत, आणि जिम्नॅस्टना जागा हवी आहे. अशी आणखी कॉलेजं शोधणं हाच मला या क्षणी सगळ्यात व्यवहार्य मार्ग दिसतो.

आमच्या मुलाला स्कॉलरशिप मिळेल का?

त्यावर घराचा हिशेब बांधू नका. २०२५ पर्यंत पहिल्या विभागातल्या अख्ख्या संघाला मिळून ६.३ पूर्ण शिष्यवृत्ती द्यायची मुभा होती, आणि त्या पंधरा-वीस मुलांत वाटल्या जायच्या. नव्या व्यवस्थेत ती मर्यादा गेली, पण पैसे वाढवायचे की नाही हे प्रत्येक युनिव्हर्सिटी ठरवते. अभ्यासावर मिळणारी मदत बहुतेक वेळा जास्त असते.

आर्मी, नेव्ही, एअर फोर्सच्या अकादमींत शिक्षण पूर्ण फुकट आहे. त्याबदल्यात पदवीनंतर काही वर्षं लष्करी सेवा करावी लागते, आणि प्रवेशाला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्ड चालत नाही. मुलगा नववीत असतानाच हे बघून ठेवा. आयत्या वेळी हे कळून हिरमुसलेले पालक मला भेटलेत.

प्रशिक्षकांना मुलानं स्वतः लिहावं, आईवडिलांनी नाही. व्हिडिओ सहाही साधनांचा पाठवावा. एकाच साधनावर तो फार वरचा असेल तर तसं स्पष्ट सांगावं. पॉमेल किंवा रिंग्जवरचा पक्का माणूस सगळ्यांनाच हवा असतो.

आपल्याकडची मुलं या पातळीवर पोहोचली आहेत का?

राज भावसार. ह्यूस्टनला वाढलेला, ओहायो स्टेटचा जिम्नॅस्ट. २००४ ला आणि २००८ ला त्याला राखीव म्हणून ठेवलं होतं. २००८ मध्ये मुख्य संघातला पॉल हॅम जखमी झाल्यामुळे तो बीजिंगच्या संघात आला आणि सांघिक कांस्य घेऊन परतला. मिशिगनचा साईक सीझर बांगलादेशी घरातला. तो २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये बांगलादेशकडून खेळला. भारताच्या संघातून खेळायला मात्र भारतीय नागरिकत्वच लागतं, ओसीआय कार्डावर चालत नाही.

महाराष्ट्रातल्या मुलानं इथे येऊन खेळायचं ठरवलं तर?

नियमाप्रमाणे परदेशी विद्यार्थ्याला बंदी नाही. अभ्यासाचे गुण, इंग्रजी, आणि सहा साधनांवरची तयारी लागते. पंधरा संघांतल्या मोजक्या जागांसाठी जगभरातून मुलं येतात, त्यामुळे स्पर्धा कडक आहे. मल्लखांबावर वाढलेल्या मुलाचे खांदे आणि पकड पाहून इथले प्रशिक्षक थक्क होतील याची मला खात्री आहे, पण पॉमेल आणि हाय बार त्यानं लहानपणी शिकलेले असायला हवेत.

एक जुना धागा सांगते. स्प्रिंगफील्ड हे मुळात वायएमसीएचं कॉलेज. बास्केटबॉल १८९१ मध्ये तिथेच जन्मला. तिथे शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, आणि भारतातले कितीतरी शिक्षक त्या कॉलेजातून तयार झाले. पंधरा संघांच्या यादीतलं स्प्रिंगफील्ड वाचताना आपल्या शाळांमधले पीटीचे सर आठवायला हरकत नाही.

आम्ही काय करू शकतो?

हंगाम जानेवारीत सुरू होतो आणि एप्रिलमध्ये राष्ट्रीय स्पर्धेनं संपतो. जवळच्या संघाचं वेळापत्रक काढा आणि मुलांना घेऊन जा. तिकीट स्वस्त असतं, काही ठिकाणी फुकट. प्रेक्षकांचे आकडे क्रीडा संचालकाच्या टेबलावर जातात, म्हणून हॉलमध्ये हजर राहणं ही पहिली मदत. तुम्ही त्या युनिव्हर्सिटीचे माजी विद्यार्थी असाल तर देणगी देताना रक्कम मुलांच्या जिम्नॅस्टिक्ससाठी आहे असं लिहून द्या, नाहीतर ती सर्वसाधारण निधीत जाते. पन्नास डॉलर असले तरी देणगीदारांची संख्या मोजली जाते.

राज्याच्या युनिव्हर्सिटींच्या नियामक मंडळाच्या बैठका जाहीर असतात आणि बऱ्याच ठिकाणी नागरिकांना बोलता येतं. मिनेसोटात दोन-तीन मतांनी निकाल फिरला असता. आणि तुमच्या क्लबात मोठी मुलं असतील, तर त्यांच्या पालकांचे आणि कॉलेजात गेलेल्या मुलांचे पत्ते एका यादीत आजच लिहून ठेवा.

२०२८ चं ऑलिम्पिक लॉस एंजेलिसला आहे. तोवर आणखी दोन-तीन छोटी कॉलेजं या खेळात यावीत म्हणून बोलणी करायची असतील, तर तुमच्या गावातल्या कॉलेजच्या प्रवेश विभागापासून सुरुवात करा. क्रीडा विभागाकडे नंतर जा. नवे विद्यार्थी मिळण्याची निकड प्रवेश विभागाला असते, आणि वीस मुलांची यादी हातात असेल तर ते ऐकून घेतात.